बंद दारापाशी

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी गेले. त्यानंतरच्या दोन-तीन रविवारी मिस्सा आटोपून मी देवळाच्या पायऱ्यांवर आलो की एकच प्रश्न माझी वाट पाहत असे : "फादर, तो सिनेमा पाहिलात का? आत खरेच असे चालते?" तो सिनेमा म्हणजे एडवर्ड बर्गर यांनी दिग्दर्शित केलेला 'कॉन्क्लेव्ह' (२०२४). प्रश्न विचारणाऱ्यांची उत्सुकता मी समजू शकतो. पोपमहोदयांची निवडणूक बंद दारांआड होते, आणि बंद दारामागे काय चालले आहे हे पाहण्याची ओढ कोणाला नसते?

चित्रपट मी पाहिला. रॉबर्ट हॅरिस यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे आणि त्याच्या पटकथेला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. सिस्टीन चॅपेलची प्रतिकृती रोमच्या चिनेचिता स्टुडिओत उभारण्यात आली होती, पण पाहताना ते जाणवतही नाही. मतपत्रिका सुईने ओवण्यापर्यंतचे बारकावे सांभाळलेले आहेत. राल्फ फाईन्स या नटाने रंगविलेले कार्डिनल लॉरेन्स हे थकलेले, श्रद्धेशी झगडणारे गृहस्थ मला फार जवळचे वाटले. तरीही चित्रपट संपल्यावर मन रितेच राहिले. याचे कारण असे की, यातील प्रत्येक कार्डिनलला लेखकाने एकेक गुपित वाटून दिले आहे. गुपित फुटले की तो उमेदवार गळतो, मग पुढचा. ही रहस्यकथेची रीत झाली. प्रत्यक्षात ८ मे २०२५ रोजी १३३ कार्डिनलांनी चौथ्या फेरीतच पोप लिओ चौदावे यांची निवड केली. त्यात पटकथाकाराला फारसे काही सापडले नसते. असो. 'कॉन्क्लेव्ह' जरूर पाहावा, वेळ वाया जाणार नाही. मात्र त्याची चर्चा पायऱ्यांवर उभ्या उभ्या संपते, आणि तिची योग्यताही तेवढीच आहे.

मला लिहावयाचे आहे ते ज्यांच्याविषयी पायऱ्यांवर कोणीही काही विचारले नाही अशा दोन कृतींविषयी. त्यातली एक दूरचित्रवाणी मालिका आहे आणि दुसरा दहा वर्षांपूर्वीचा चित्रपट. पहिली मी गेल्या वर्षी पाहिली, दुसरा गेल्या प्रायश्चित्तकाळात.

तत्पूर्वी थोडे विषयांतर. १९९५ साली, चित्रपटकलेला शंभर वर्षे होत असताना, व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली होती. धर्म, मूल्ये आणि कला अशा तीन विभागांत प्रत्येकी पंधरा चित्रपट होते. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो. त्या यादीतील जे चार-सहा व्हिडिओ कॅसेटवर मिळाले ते आम्ही जेवणघरातल्या टीव्हीवर पाहिले. 'ए मॅन फॉर ऑल सीझन्स' पाहून आम्हां सर्वांना आपापल्या जागी थॉमस मोर झाल्यासारखे वाटले होते. त्या वयात चित्रपटातील सज्जनाच्या जागी स्वतःला बसविणे सोपे असते. आज पन्नाशी ओलांडल्यावर मी पडद्याकडे पाहतो तेव्हा मला स्वतःचा चेहरा भलत्याच पात्रात दिसू लागतो.

'अ‍ॅडोलेसन्स' ही चार भागांची ब्रिटिश मालिका मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. माझ्या पुतण्याने ती मला त्याच्या लॅपटॉपवर दाखविली. कथा चार वाक्यांत सांगता येते. पहाटे पोलीस एका साध्या घराचे दार फोडून आत शिरतात. जेमी नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाला खुनाच्या आरोपावरून उचलतात. त्याच्याच शाळेतील केटी या मुलीला भोसकून मारण्यात आले आहे. मुलगा म्हणतो, मी काही केले नाही; आणि पहिला भाग संपण्यापूर्वी त्याच्या बापाला पोलिसांनी दाखविलेल्या चित्रफितीत सारे दिसते. म्हणजे खून कोणी केला हा प्रश्न तासाभरातच निकालात निघतो. उरलेले तीन भाग, का, या प्रश्नापाशी घुटमळतात आणि सोपे उत्तर देण्याचे नाकारतात.

या मालिकेचे तंत्र बरेच गाजले. प्रत्येक भाग एकाच अखंड दृश्यात चित्रित केलेला आहे. कोठेही काटछाट नाही. एरवी अशा तांत्रिक करामतींचे मला कौतुक नाही. परंतु येथे तिला अर्थ आहे. कॅमेरा नजर वळवीत नाही, त्यामुळे आपल्यालाही वळविता येत नाही. तिसऱ्या भागात जेमी आणि एक मानसशास्त्रज्ञ स्त्री एका खोलीत समोरासमोर बसतात. तिने त्याच्यासाठी गरम चॉकलेट आणले आहे, आपले अर्धे सँडविच त्याला देऊ केले आहे. पाऊण तासाहून अधिक काळ आपण त्या मुलाला क्षणात गोंडस, क्षणात लाघवी आणि क्षणात भयंकर होताना पाहतो. ओवेन कूपर या मुलाने त्यापूर्वी कधीही व्यावसायिक अभिनय केला नव्हता आणि हाच भाग सर्वांत आधी चित्रित झाला, यावर विश्वास बसत नाही. त्याला पंधराव्या वर्षी एमी पारितोषिक मिळाले. तो बिथरून उठून उभा राहतो आणि त्या स्त्रीच्या डोळ्यांत भीती उमटते, त्या क्षणी मीही खुर्चीत मागे सरकलो.

पण मालिकेचे मर्म मला चौथ्या भागात गवसले. या भागात ना पोलीस, ना न्यायालय. तेरा महिन्यांनंतर बापाचा पन्नासावा वाढदिवस आहे. बाप नळदुरुस्तीचा व्यवसाय करतो, कष्टाळू आहे, बायकोवर त्याचे प्रेम आहे. त्याचा बाप त्याला पट्ट्याने बडवीत असे. आपण आपल्या मुलांवर हात टाकायचा नाही असे त्याने ठरविले आणि पाळले. (स्टीफन ग्रॅहम यांनी ही भूमिका केली आहे, मालिकेचे एक लेखकही तेच.) शयनगृहात नवरा-बायको बोलू लागतात. मुलगा शाळेतून यायचा, वर जायचा, दार लोटायचा आणि संगणकापुढे बसायचा. रात्री एकला दिवा चालू दिसायचा. आई दारावर टकटक करायची, दिवा मालवला जायचा, आतून शब्द नाही. त्यांना वाटे, मुलगा घरात आहे, खोलीत आहे, म्हणजे सुरक्षित आहे. बापाने त्याला फुटबॉलच्या मैदानावर नेले होते. पोराला खेळ जमेना, इतर बाप हसू लागले, तेव्हा याला त्याच्याकडे पाहवेना. त्याने मान फिरविली. मुलाने ती फिरलेली मान पाहिली होती. तिसऱ्या भागात तो तसे सांगतोही.

येथे मला आपल्या धर्मग्रामातील घरे आठवली. घरांना आशीर्वाद देण्यासाठी मी दरवर्षी फिरतो. माझ्या लहानपणी ओटी, माजघर, पडवी अशा घरात आम्ही सहा भावंडे एकाच चटईवर झोपत असू. दार असे ते बाहेरचे एकच, तेही दिवसभर उघडे. त्या घरात गुपित ठेवणे हीच पंचाईत होती. तो काळ पवित्र होता असे मी म्हणणार नाही. पट्टा आमच्याही घरी होता. आज आई-वडिलांनी राबून, कर्ज काढून बंगला बांधला आहे आणि प्रत्येक मुलाला वेगळी खोली दिली आहे. मी पवित्र पाणी घेऊन त्या खोलीपाशी जातो, तेव्हा आई अभिमानाने म्हणते, "फादर, तो आत अभ्यास करतोय." बहुतेक वेळा तो खरेच अभ्यास करीत असतो. मी अर्ध्या उघडलेल्या दारातूनच पाणी शिंपडून पुढे जातो.

मालिकेत एक उणीव आहे आणि ती लहान नाही. केटी ही मुलगी आपल्याला भेटतच नाही. दुसऱ्या भागात एक पोलीस अधिकारी स्त्री स्वतःच तक्रार करते की लोक मारणाऱ्याला लक्षात ठेवतात, मेलेलीला विसरतात. ही जाणीव लेखकांना आहे. पण जाणीव बोलून दाखविली म्हणजे उणीव भरून निघत नाही. केटीचे आई-बाप त्या रात्री काय करीत होते, हे मला पुढे कित्येक दिवस सतावत राहिले.

आता दुसऱ्या कृतीकडे येतो. येथे माझी लेखणी थोडी अडखळते.

टॉम मॅकार्थी यांचा 'स्पॉटलाइट' २०१५ साली प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. बॉस्टन शहरात काही धर्मगुरूंनी लहान मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार आणि अधिकाऱ्यांनी त्यांना एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवून केलेली झाकपाक 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकाने कशी उघडकीस आणली, याची ही सत्यकथा. पहिली बातमी ६ जानेवारी २००२ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, छापून आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील कार्डिनल लॉ यांना पद सोडावे लागले.

२०१६ साली मी ज्या धर्मग्रामात होतो तेथील युवक मंडळाची तीन-चार मुले मजकडे आली. हा चित्रपट सभागृहात दाखवावा आणि नंतर चर्चा घडवावी, अशी त्यांची विनंती होती. मी म्हणालो, "परीक्षा तोंडावर आल्या आहेत. मे महिन्यात पाहू." मे महिना आला. मुले पुन्हा आली नाहीत आणि मीही त्यांना बोलावले नाही. चित्रपट मी पाहिलेला नव्हता. तो आपल्यावर चिखल उडविण्यासाठी काढला असणार, असे मी न पाहताच ठरविले होते. हिंदी चित्रपटातील पाद्र्याची आम्हांला सवय झाली होती. 'अमर अकबर अँथनी'मध्ये देवळाच्या दारात सापडलेल्या पोराला वाढविणारा तो कनवाळू म्हातारा! तेवढेच चित्र आम्हांला पुरेसे होते.

प्रत्यक्षात 'स्पॉटलाइट' इतका संयमी चित्रपट मी क्वचित पाहिला असेल. अत्याचाराचे एकही दृश्य त्यात नाही. माणसे खोल्यांत बसून बोलतात, कागद चाळतात, दारे ठोठावतात. कार्डिनल क्रूर दाखविलेले नाहीत. मृदू आवाजात बोलून ते नव्या संपादकाला भेट म्हणून ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणाचा ग्रंथ देतात. संपादक ज्यू आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ती भेट किती गोड आणि किती आंधळी आहे हे उमगते. पीडितांचा वकील आर्मेनियन. तो म्हणतो त्याचा आशय असा की, मूल वाढवायला जसे सारे गाव लागते तसेच त्याला उद्ध्वस्त करायलाही सारे गावच लागते. हे दोघेही त्या शहरात परके, आणि म्हणूनच त्यांना दिसले. बाकीच्यांना दिसत होते, पण ते पाहत नव्हते.

चित्रपटाचा खरा घाव मात्र शेवटी आहे आणि तो ख्रिस्तसभेवर नाही. ज्या पत्रकाराच्या नेतृत्वाखाली हा शोध चालला आहे त्याच्याच लक्षात येते की, कित्येक वर्षांपूर्वी वीस धर्मगुरूंची नावे एका वकिलाने त्यांच्या दैनिकाकडे पाठविली होती. छोटीशी बातमी आतल्या पानावर छापून विषय मिटविण्यात आला. तेव्हा तो विभाग त्याच्याच हाती होता. त्याला ते आठवतही नाही. मायकल कीटन या नटाने तो क्षण कसलाही आवेश न आणता केला आहे. डोळे किंचित खाली जातात, इतकेच. मला माझा मे महिना आठवला.

आणखी दोन प्रसंग. एक पत्रकार सांगतो की आपण देवळात जाणे सोडले होते, परंतु कधीतरी परत जाऊ असे मनात होते. आता ते तुटले. आणि दुसऱ्या पत्रकार स्त्रीची आजी, नेमाने मिस्सेला जाणारी, बातमी वाचता वाचता नातीकडे पेलाभर पाणी मागते. आपल्या देवळातील पुढच्या बाकांवर अशा किती आज्या बसतात! त्यांना धक्का बसू नये म्हणून आम्ही गप्प राहतो, असे आम्ही स्वतःला सांगत असतो. चित्रपटातली आजी मात्र ती बातमी शेवटपर्यंत वाचते.

आज आपल्याकडे २०१२चा पॉक्सो कायदा आहे. अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती पोलिसांना न देणे हाच त्यानुसार गुन्हा ठरतो. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू व व्रतस्थांवर अशा प्रकारची माहिती वरिष्ठांना कळविण्याचे बंधन घातले. हे सारे मला कलमांसह पाठ आहे. शिक्षकांसमोर मी त्यावर बोललोही आहे. परंतु कायदा सांगताना समोरच्यांची नजर वहीत असते. 'स्पॉटलाइट' पाहताना ती वहीत ठेवता येत नाही.

चित्रपट संपल्यावर मी त्या युवक मंडळातील एकाला फोन केला. तो आता दोन मुलांचा बाप आहे. त्याला हसू आले. "फादर, आम्ही तेव्हाच पाहिला होता. एकाच्या घरी, रात्री, दार लावून."

"मग चर्चा झाली का?" मी विचारले.

"थोडी झाली," तो म्हणाला. "पण एक गोष्ट तुम्हांला विचारायची होती, ती राहिली."

मी म्हणालो, "आता विचार." पलीकडे पोरे भांडत होती. तो म्हणाला, फोनवर नको, येत्या रविवारी मिस्सेनंतर येतो.