न वितळलेला राक्षस

‘रेअर एक्स्पोर्ट्‌स’ (2010) या फिनिश चित्रपटात शेवटाकडे एक गोदाम येतं. मधोमध घराएवढा बर्फाचा ठोकळा. त्यातून बाहेर आलेली दोन वाकडी शिंगं. भोवती गावातून चोरून आणलेले हीटर मांडलेले, आणि पोत्यांत कोंबलेली गावातली पोरं. ठोकळ्यात कोण आहे हे आपल्याला आता कळलेलं असतं. तो सांताक्लॉज आहे, पण कोकाकोलाच्या जाहिरातीतला गुबगुबीत आजोबा नव्हे. वाह्यात पोरांना उकळून काढणारा जुना, शिंगवाला सांता. बर्फ ठिबकतोय. आता तो वितळणार, उठणार, छप्पर फोडणार.

तो उठतच नाही. गावकरी करवतीनं शिंगं कापून घेतात, ठोकळ्याला सुरुंग लावतात आणि उडवून देतात. ज्याच्यासाठी सव्वा तास श्वास रोखून बसलो, त्याचं नखही दिसत नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं, की या चित्रपटाची सगळी हुशारी त्या न वितळलेल्या बर्फात आहे. (या लेखात मी बऱ्याच चित्रपटांचे शेवट फोडणार आहे. कलाटणीविषयी बोलायचं आणि शेवट झाकून ठेवायचा, हे जमणारं नाही. ज्यांना चालत नसेल त्यांनी आधी चित्रपट पाहून यावं.)

सण, जनावर, कडकी आणि शेवटची कलाटणी असा चार पायांचा हा प्रकार आहे. भयपटांच्या पंगतीत त्याला शेवटच्या पानावर बसवतात. समीक्षक तर बहुधा पानही वाढत नाहीत. पण थोडक्या पैशात गोष्ट कशी सांगावी हे जितकं उघड इथं दिसतं, तितकं क्वचितच कुठं दिसतं.

सणाचा फायदा आधी पाहू. ज्याच्या खिशात पैसे नाहीत अशा दिग्दर्शकाला सण सगळंच आयतं देतो. दिव्यांच्या माळा, झाड, लाल टोपी प्रत्येक घरात असते, म्हणजे नेपथ्याचा निम्मा खर्च वाचला. कुटुंब एका छपराखाली का जमलंय हे समजावायला संवाद खर्चावे लागत नाहीत. बाहेर बर्फ पडतोय, म्हणजे रस्ते बंद, म्हणजे पात्रं चार खोल्यांत कोंडलेली. त्यात चांगल्या आणि वाईट मुलांची यादी ठेवणारा, चिमणीतून घरात उतरणारा दाढीवाला माणूस या गोष्टीत मुळातच आहे. त्याला भयंकर करायला फारसं काही करावं लागत नाही, फक्त हसू काढून घ्यायचं. शिवाय असा चित्रपट दर वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा विकता येतो. जॉन कार्पेंटरनं 1978 मध्ये ‘हॅलोविन’ तीन लाखांहून थोड्या जास्त डॉलरांत काढला. त्यातला मुखवटा होता ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, दोन डॉलरांच्या आत विकत घेतलेला आणि पांढरा रंगवलेला. तेव्हापासून कॅलेंडरची पानं भयपटवाल्यांनी वाटूनच घेतली आहेत.

नाताळ आणि भीती यांची सोयरीक मात्र सिनेमाच्या फार आधीची. डिकन्सची भुताची गोष्ट 1843 ची. बीबीसीनं 1971 ते 1978 दर नाताळात एक भुताची गोष्ट दाखवली, बहुतेक एम. आर. जेम्सच्या कथांवरून, तुटपुंज्या खर्चात. आल्प्सच्या खोऱ्यांत 5 डिसेंबरच्या रात्री, संत निकोलसच्या सणाच्या आदल्या दिवशी, क्राम्पस निघतो. अंगावर केस, डोक्याला शिंगं, कमरेला घंटा, हातात छडी. कोकणच्या शिमग्यात नमनाच्या खेळ्यांबरोबर दारात येणारा संकासुर ज्यांनी लहानपणी पाहिला आहे, त्यांना हा परका वाटणार नाही. तोच काळा अवतार, तीच घुंगरं, दाराआड लपलेली तीच पोरं आणि ओटीवर उभे राहून हसणारे तेच आईबाप. संकासुराला घेऊन कुणी भयपट काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही. असो.

खरी पंचाईत जनावराची. जनावर महाग असतं. त्याला अंग लागतं, कातडी लागते, हलवणारी माणसं लागतात, आणि एवढं करून ते रबराचं दिसलं की प्रेक्षक हसतात. यावरचा तोडगा 1942 मध्येच सापडला होता. आरकेओ कंपनीनं निर्माता व्हॅल ल्यूटनला दर चित्रपटामागे दीड लाख डॉलरांची मर्यादा घालून दिली होती. त्यानं आणि दिग्दर्शक जाक टूर्नरनं ‘कॅट पीपल’मध्ये काळा बिबट्या जवळजवळ दाखवलाच नाही. पोहण्याच्या तलावाच्या भिंतींवर सावल्या हलवल्या, आवाज ऐकवला, बाकीचं काम प्रेक्षकांकडून करवून घेतलं.

पण हा धडा सगळ्यांनी घेतला नाही. 1989 च्या ‘एल्व्ह्‌ज’चं उदाहरण घ्या. शीर्षकात अनेकवचन आहे, पडद्यावर मात्र एल्फ एकच, आणि तोही जवळजवळ न हलणारा बाहुला. बाहुला निकामी आहे हे बहुधा लेखकालाही उमगलं असावं, कारण त्यानं सगळा भार कथानकावर टाकला. नाझींचे प्रयोग, शुद्ध वंशाची कुमारिका, नाताळच्या रात्रीचा मुहूर्त, आणि वर नायिकेचा आजोबाच तिचा बाप निघतो. ही कलाटणी धक्का देते खरी, पण तिचा एल्फशी काडीचाही संबंध नाही. गोष्ट एकीकडे चालली आहे, बाहुला दुसरीकडे पडला आहे.

‘जॅक फ्रॉस्ट’ (1997) मला त्यापेक्षा प्रामाणिक वाटतो. तो चित्रपटगृहात न जाता थेट व्हिडिओवर आला. खुन्याला फाशीला नेणारी गाडी रसायनांच्या टँकरवर आदळते, आणि खुनी बर्फात मिसळून हिममानव होतो. गावभर बर्फाच्या नावाखाली काय पसरलं आहे ते पाहिलं की दया येते. तरी यात एक झकास कल्पना आहे. शेरीफचा छोटा मुलगा बापाला थंडी वाजू नये म्हणून त्याच्या ओटमीलमध्ये अँटीफ्रीझ घालतो, तेच जे गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात आणि आपले गाडीवाले ज्याला कूलंट म्हणतात. राक्षसाला मारायचं कशानं हे त्या पोराच्या वेडगळ मायेतून सापडतं. असा धागा लाखो डॉलर मोजूनही मिळत नाही. पुढं शेवट येतो, राक्षस बाटल्यांत बंद करून पुरला जातो आणि एका बाटलीत बुडबुडे उठतात. दुसऱ्याच वर्षी याच नावाचा, मायकेल कीटन असलेला, बाप हिममानव होऊन घरी परततो असा कौटुंबिक चित्रपट आला. व्हिडिओच्या दुकानात किती आयांनी चुकीची कॅसेट घरी नेली असेल, देव जाणे.

त्या बुडबुड्यांवर थोडं थांबतो. मेलेल्या राक्षसाचा हात शेवटच्या क्षणी हलला, डोळा उघडला, अंडं तडकलं, याला कलाटणी म्हणायची सवय लागली आहे. ती पुढच्या भागाची जाहिरात असते. कलाटणीनं मागचं सगळं पुन्हा नव्यानं वाचायला लावलं पाहिजे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. शेवटचं वाक्य वाचून ज्यानं पहिलं पान उलगडून पाहिलं नाही, त्यानं मतकरी वाचलेच नाहीत.

या कसोटीवर माझ्या मते सर्वांत चोख उतरतो तो कॅनडाचा ‘अ ख्रिसमस हॉरर स्टोरी’ (2015). त्याचे तीन दिग्दर्शक आहेत आणि गुंफलेल्या चार गोष्टी. त्यांना जोडतो रेडिओवरचा एक निवेदक. ती भूमिका विल्यम शॅटनरची, म्हणजे पुन्हा कॅप्टन कर्कच. चारांपैकी एक गोष्ट उत्तर ध्रुवावरची. एल्फना रोग जडतो, ते झाँबी होतात, सांता कुऱ्हाड घेऊन एकेकाला लोळवत जातो आणि शेवटी क्राम्पसला भिडतो. हा भाग पाहताना सतत काहीतरी खटकतं. रंग भडक, सांताचा कारखाना मॉलमधल्या देखाव्यासारखा, एल्फ म्हणजे पोशाख चढवलेली माणसं. पैसे कमी पडले असतील, असं म्हणून आपण उदार मनानं सोडून देतो. आणि शेवटी कळतं, की हा सांता म्हणजे मॉलमध्ये सांताचा वेश करून उभा असलेला, डोकं फिरलेला रेडिओवरचा हवामानवाला. एल्फ कुणी नव्हतेच. त्यानं मारली ती हाडामांसाची माणसं.

दिग्दर्शकांनी आपल्या गरिबीचाच पुरावा केला, ही इथली खरी गंमत. खोटं दिसत होतं, कारण ते खोटंच होतं. लपवाछपवीही नाही. मॉलमध्ये काहीतरी गडबड चालली आहे, तिकडं जाऊ नका, असं निवेदक मधूनमधून सांगत असतो. दारूच्या नशेतल्या म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून आपण कानाआड करतो. मात्र बाकीच्या तीन गोष्टींना हे भाग्य लाभलेलं नाही. शाळेच्या तळघरातली तर सरळ कंटाळवाणी आहे.

त्याच वर्षी मायकेल डॉअर्टीचा ‘क्राम्पस’ आला. खर्च दीड कोटी डॉलर. हॉलिवूडच्या मानानं ही चिल्लर, पण या पंगतीत बसायला जरा जास्तच. वेटा वर्कशॉपनं घडवलेली जनावरं सुरेख आहेत, विशेषतः माळ्यावर पोरीला गिळणारी विदूषकाच्या तोंडाची अळी. शेवटी मुलगा नाताळच्या सकाळी जागा होतो, सगळे जिवंत, सगळं स्वप्न. मग भेटीच्या खोक्यातून क्राम्पसची घंटा निघते, सगळ्यांचे चेहरे उतरतात, कॅमेरा मागं सरकतो आणि ते घर काचेच्या गोळ्यात बंद दिसतं. तसले अगणित गोळे फळीवर मांडलेले. हे कुटुंब नरकात अडकलं, की क्राम्पस त्यांच्यावर नुसती नजर ठेवून आहे, यावर अजून वाद चालतो. मला हा शेवट देखणा वाटतो, अटळ वाटत नाही. स्वप्नाची पळवाट दाखवून लगेच ती बुजवायची, ही चलाखी आहे. जनावरं एवढी दाखवून झाल्यावर शेवटासाठी लपवायला काही उरलंच नव्हतं.

‘ग्रेमलिन्स’ (1984) या यादीत गरीब म्हणून बसत नाही, पण त्यातला एक तुकडा वगळवत नाही. नायिका आपल्याला नाताळ का आवडत नाही ते सांगते. वडील नाताळच्या रात्री घरी आलेच नाहीत. काही दिवसांनी चिमणीतून वास येऊ लागला. सांता बनून उतरताना त्यांची मान मोडली होती. एक चेहरा, एक आवाज, बाहुला नाही की रक्ताचा थेंब नाही. स्टुडिओला हा प्रसंग काढून टाकायचा होता, पण दिग्दर्शक जो डांटे अडून बसला. पडद्यावर शेकडो यांत्रिक बाहुले धुडगूस घालत असताना लोकांच्या लक्षात राहिली ती फुकटात झालेली भीती.

आता परत गोदामाकडं. दिग्दर्शक यालमारी हेलांडरनं ‘रेअर एक्स्पोर्ट्‌स’च्या आधी, 2003 आणि 2005 मध्ये, दोन लघुपट केले होते. लॅपलँडच्या रानात शिकारी रानटी सांता पकडतात, त्यांना वळण लावतात आणि जगभर पाठवतात, अशी ती थट्टा. म्हणजे मोठ्या चित्रपटाचा शेवट त्याच्याकडं सात वर्षं आधीच तयार होता. गोष्ट त्यानं उलट्या दिशेनं विणली. गोष्ट जिथं घडते तो कोर्वातुंतुरी हा फिनलंड-रशियाच्या सीमेवरचा खराखुरा डोंगर. सांता तिथं राहतो, हे 1927 मध्ये मुलांच्या एका रेडिओ कार्यक्रमानं ठरवून टाकलं. आणि सांताला फिनिश भाषेत म्हणतात योउलुपुक्की, शब्दशः नाताळचा बोकड. शिंगं हेलांडरनं कल्पिलेली नाहीत, भाषेतच होती.

चित्रपटात गावकरी लांडग्यांसाठी खणलेल्या खड्ड्यात एक हाडकुळा, मुका म्हातारा पकडतात. हाच सांता, असं त्यांना वाटतं, आपल्यालाही वाटतं. पण तो निघतो नुसता चाकर, आणि तसे शेकडो नागडे म्हातारे बर्फातून धावत येतात. मालक ठोकळ्यात. भीतीसाठी वापरलं काय, तर पांढरी दाढी आणि उघडं अंग, ज्याला रबर लागत नाही. कलाटणीसाठी राक्षस लपवणं भाग होतं आणि पैशांअभावीही लपवणं भाग होतं. दोन्ही गरजा एकाच ठोकळ्यात गोठवल्या. उरलेल्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालून, लाल डगले चढवून गावकरी मॉलवाल्यांना विकतात, नि रेनडिअरांचं बुडालेलं उत्पन्न भरून काढतात. गावकऱ्यांच्या पोटाची ही गोष्ट आहे हेही तेव्हाच कळतं. सिट्जेसच्या महोत्सवानं त्या वर्षी सर्वोत्तम चित्रपटाचं पारितोषिक याला दिलं ते उगाच नव्हे.

नंतरचं पीक मात्र पोचट आहे. 2015 नंतर क्राम्पसच्या नावानं चित्रपटांची रांग लागली. लोककथेतल्या राक्षसाला हक्काचे पैसे द्यावे लागत नाहीत, पोस्टर तेवढं भयंकर हवं. संगणकावर जनावर स्वस्तात बनू लागलं, आणि दाखवता येतं म्हणून पहिल्या दहा मिनिटांत दाखवलं जाऊ लागलं. मग शेवटाला उरतात बुडबुडे. नॉर्वेचा ‘देअर्‌ज समथिंग इन द बार्न’ (2023) गोठ्यातल्या बुटक्याला घेऊन बरा खेळतो, पण पोचतो ठरलेल्या ठिकाणीच. 2024 चा ‘टेरिफायर 3’ तर नाताळातच घडतो. वीस लाख डॉलरांत केलेला आणि जगभरात नऊ कोटींच्या आसपास कमावलेला. त्यात काहीही लपवलेलं नाही, आतडीसुद्धा नाहीत. धंदा म्हणून त्यानं बाजी मारली. मला तो पाहताना घड्याळ पाहावंसं वाटलं.

अपवाद भलत्याच घरात सापडला. जॉर्डन डाउनी नावाच्या पोरानं कॉलेजात असताना 3,500 डॉलरांत ‘थँक्सकिलिंग’ केला होता. थँक्सगिव्हिंगच्या सुटीत विद्यार्थ्यांना मारत सुटलेली, शिवराळ टर्की. ती शेरीफच्या चेहऱ्याची कातडी चढवून त्याच्याच मुलीसमोर उभी राहते आणि मुलीला ती बापच वाटते! मूर्खपणाची हद्द, पण ठरवून केलेली. दहा वर्षांनी याच डाउनीनं सुमारे तीस हजार डॉलरांत ‘द हेड हंटर’ काढला. सण वगैरे काही नाही. राक्षस मारून पोट भरणारा एक योद्धा, त्याची झोपडी, मेलेल्या लेकीची समाधी. शिंग वाजतं, तो घोड्यावर बसून निघतो, आणि पुढच्या क्षणी रक्तानं माखून परत येतो, हातात पोतं. लढाई एकही नाही. पोत्यातलं मुंडकं तो भिंतीवरच्या सुळ्यात खोचतो. भिंत भरत जाते, एक सुळा रिकामा राहतो. लेकीला ज्यानं मारलं त्याच्यासाठी राखून ठेवलेला.

शेवटच्या दृश्यात त्या भिंतीवर एक नवं मुंडकं येतं. इतके शेवट फोडले, हा नाही फोडत.