एलिसच्या गोष्टीतला अर्धा धडा

विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या कार्यामुळे आणि डॉ. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे परिचित आहेत. त्यांच्या तरुणपणाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मुलींशी बोलायला घाबरणारा एकोणीस वर्षांचा एलिस न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात महिनाभर रोज गेला आणि १३० अनोळखी स्त्रियांशी बोलायचा त्याने प्रयत्न केला. ३० जणी उठून गेल्या, १०० जणी बोलल्या. एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले, पण ती आली नाही. एलिसची भीती मात्र गेली.

गोष्ट खरोखर चांगली आहे. पण ‘हिंमत करा, भीती पळेल’ एवढेच तात्पर्य काढून ती विद्यार्थ्यांना सांगणे धोक्याचे आहे.

पहिली बाब, एलिसला होता तो संकोच. गर्दीत अचानक येणारा भीतीचा झटका, म्हणजे पॅनिक अ‍ॅटॅक, वेगळा. त्यात अ‍ॅड्रेनलिनमुळे छाती धडधडते. श्वास जलद झाल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो. त्यामुळे चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडले की, या लक्षणांचा ‘आता मी मरणार’ असा अर्थ लावला की भीती वाढते, आणि भीतीने लक्षणे वाढतात. झटका साधारणतः दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतो. अर्थात, पहिल्या वेळी डॉक्टरांकडून हृदय, थायरॉइड इत्यादींची तपासणी करून घेतलीच पाहिजे.

दुसरी बाब, एलिसने प्रयोग स्वतः निवडला आणि महिनाभर केला. आपण मात्र घाबरलेल्या मुलाला एकदम व्यासपीठावर ढकलतो, नाहीतर दरवेळी घरी पाठवतो. ढकलल्याने भीती पक्की होते. घरी पाठवल्याने ‘पळालो म्हणून वाचलो’ असे मेंदू शिकतो.

मग करायचे काय? समजा, सेलूच्या एखाद्या विद्यार्थ्याला रेल्वेत झटका आला आणि त्याने परभणीला जाणेच सोडले. त्याने आधी मित्रासह फलाटावर नुसते बसावे; भीती ओसरेपर्यंत उठू नये. पुढे मानवत रोडपर्यंत जावे, मग परभणीपर्यंत, शेवटी एकट्याने. प्रत्येक पायरी त्याच्या संमतीने आणि अनेकदा व्हावी. हे तज्ज्ञांच्या सल्ल्याने केलेले बरे; ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

एलिसची गोष्ट वर्गात जरूर सांगावी. मात्र ‘१३० स्त्रिया’ या आकड्यापेक्षा ‘रोज, महिनाभर, स्वतःहून’ हे तीन शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत.