पाठीमागचं मोकळं रान

31 मे 2025, म्युनिक. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. इंटर मिलानचा गोलकीपर यान सॉमर गोलकिकसाठी चेंडू ठेवतो. पेनल्टी क्षेत्राच्या कडेला पॅरिसचा उस्मान डेंबेले गुडघ्यात वाकून उभा, शर्यतीच्या रेषेवर उभं राहावं तसा. नजर सॉमरवर खिळलेली. पॅरिसने सामना 5-0 असा जिंकला, पण त्या पाच गोलांपेक्षा मला डेंबेलेचं ते उभं राहणंच जास्त आठवतं. आजच्या आक्रमक फुटबॉलची सुरुवात तिथून होते, चेंडू दुसऱ्याच्या पायाशी असताना.

चेंडूवाल्यावर असा दाब टाकणं नवं नाही. 1960च्या दशकात व्हिक्टर मास्लोव्हने कीव्हमध्ये ते रुजवलं. 1974च्या विश्वचषकात उरुग्वेच्या खेळाडूला चेंडू मिळाला रे मिळाला की नारिंगी जर्सीतले चार-पाच डच खेळाडू त्याच्यावर तुटून पडायचे. पण मला गुरुस्थानी वाटतो तो आरिगो साकी. आघाडी आणि बचावफळी यांत पंचवीस-तीस मीटरपेक्षा जास्त अंतर पडू नये, हा त्याच्या एसी मिलानचा नेम. स्ट्रायकर चार पावलं पुढे गेला की बचावफळीही चार पावलं पुढे. एप्रिल 1989मध्ये याच मिलानने रेआल माद्रिदला 5-0 असं धुतलं. त्या संघातला कुणीही एकटा धावत नसे.

आज धावणं सगळीकडे पोचलं आहे. ते अंतर मात्र फार थोड्यांना सांभाळता येतं. नियमही दाबाच्या बाजूने झुकले. 1992पासून सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत नाही. 2019पासून गोलकिकचा पास पेनल्टी क्षेत्राच्या आतही घेता येतो, त्यामुळे सावज गोलच्या आणखी जवळ सापडतं. पाच बदली खेळाडू मिळू लागल्यापासून शेवटच्या वीस मिनिटांतही ताजे पाय हाताशी असतात.

हान्सी फ्लिकच्या बार्सिलोनावर माझा जीव आहे, म्हणूनच त्यांच्याबद्दल काळजीने लिहितो. ऑक्टोबर 2024मध्ये माद्रिदला त्यांच्याच मैदानावर 4-0 हरवताना या संघाने एकट्या एम्बापेला आठ वेळा ऑफसाइडमध्ये पकडलं. बचावफळी मध्यरेषेच्या आसपास, मागे सगळं मोकळं रान. पुढच्यांनी चेंडूवाल्याला मान वर करू दिली नाही, तरच हे धाडस निभतं. 6 मे 2025ला सान सिरोवर, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत इंटरविरुद्ध, ते निभलं नाही. एकविसाव्या मिनिटाला डिमार्कोने ओल्मोकडून चेंडू हिसकावला आणि डंफ्रीसला पुढे सोडलं. डंफ्रीसने आडवा पास दिला, लाउतारोने गोल केला. दोन लढती मिळून इंटरने सात गोल केले, बार्सिलोनाने सहा.

दुसरी वाट माणसाला माणूस जोडण्याची. गॅस्पेरिनीच्या अटालांटाने मे 2024मध्ये डब्लिनला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात लेव्हरकूसनला असंच जखडलं आणि 3-0 हरवलं. त्याआधी लेव्हरकूसन सलग 51 सामने अपराजित होतं. ती रात्र थरारक होती. पण हीच पद्धत जो तो उचलू लागल्यावर मैदानभर नुसत्या झोंब्या दिसतात. मोकळा राहतो तो एकटा गोलकीपर, आणि तो चेंडू लांब भिरकावतो. मिडफिल्डमध्ये पाठ वळवून पास घेणारा, क्षणभर थांबून खेळ उलगडणारा खेळाडू यात घुसमटतो. हे नुकसान मला सलतं.

म्हणूनच म्युनिकमधला पॅरिसचा मिडफिल्डर व्हितिन्या महत्त्वाचा वाटतो. पुढे डेंबेले दाब टाकत असताना तो मागे त्याच्या सावलीसारखा सरकत होता. आणि चेंडू मिळाला की घाई नाही. मान वर, एक छोटा पास, पुन्हा मोकळ्या जागेत.