गतींचें भांडार आणि नवशिका वादक

आयर्लंडचें नृत्यसंगीत फिडलवर शिकूं पाहणाऱ्यास जाणती मंडळी बहुधा ओ’नीलचाच ग्रंथ घ्यावयास सांगतात. हा सल्ला आदरापोटीं दिला जातो हें खरें. पण तो नवशिक्याच्या हिताचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

फ्रान्सिस ओ’नीलच्या थोरवीविषयीं वाद नाहीं. कॉर्क परगण्यांत १८४८ सालीं जन्मलेला हा गृहस्थ १९०१ ते १९०५ पर्यंत शिकागोच्या पोलीस दलाचा मुख्य होता. त्या शहरांत पोटापाण्यासाठीं आलेल्या देशबांधवांकडून त्यानें गती जमविल्या. १९०३ च्या संग्रहांत त्या १८५० भरल्या. १९०७ च्या, केवळ नृत्याच्या गतींस वाहिलेल्या ग्रंथांत १००१. मौज अशी कीं, स्वरलेखन त्याला स्वतःला नीटसें अवगत नव्हतें. त्यानें गत ध्यानांत धरून आणावी आणि जेम्स ओ’नील या सहकाऱ्यानें ती कागदावर उतरावी, असा क्रम असे.

कानावर पोसलेल्या या ग्रंथांतून कान वजा करून शिकूं म्हणणाऱ्याच्या हातीं काय लागणार? जिगमधील तीन-तीन स्वरांचे गट कागदावर समान दिसतात. वादक त्यांतील पहिल्या स्वरावर किंचित् रेंगाळतो. तें रेंगाळणें हेंच जिगचें नाचणें, आणि तें छापतां येत नाहीं. भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ चाळलेल्या आमच्या वाचकांस हें नवें नाहीं. पण ती मालिका निदान क्रमिक तरी आहे! ओ’नीलच्या ग्रंथांत जिग, रील, हॉर्नपाइप असे वर्ग आहेत. सोपें आधीं, कठीण मागाहून, अशी मांडणी नाहीं. शब्दकोश हातीं देऊन भाषा शिकविण्यासारखाच हा प्रकार झाला.

माइल्स क्रासेन यानें १९७६ त काढलेल्या सुधारित आवृत्तींत गजाचे बंध आणि अलंकार घातले आहेत. त्यांचा उपयोग होतो, यांत शंका नाहीं. मात्र मुखपृष्ठावर ओ’नीलचें नांव असलें, तरी आंतला हात क्रासेनचा, ही जाणीव शिकणाऱ्यास असावी.

आमची पसंती मॅट क्रॅनिच याच्या १९८८ मधील ‘दि आयरिश फिडल बुक’ला. त्यांत गती मोजक्या आहेत. गज केव्हां फिरवावा, ‘रोल’ हा अलंकार बोटांनीं कसा घ्यावा, हें तो समजावून सांगतो. डी आणि जी या पट्ट्यांतील गती आधीं बसवाव्या. मोकळ्या तारांचा आधार मिळतो आणि हात पहिल्या स्थानावरून हलवावा लागत नाहीं. ध्वनिमुद्रणें आज सहज मिळतात. गत गुणगुणतां येईपर्यंत पान उघडूंच नये.

ओ’नीलकडे वळावयाचें तें यानंतर, आणि तेंही एकट्याकडे नव्हे. ब्रेंडान ब्रानख यानें १९६३ त ‘क्योल रिंके ना हेरन’चा पहिला भाग काढला. नांवाचा अर्थ ‘आयर्लंडचें नृत्यसंगीत’, म्हणजे ओ’नीलच्याच दुसऱ्या ग्रंथाचें नांव. पण येथें गत कोणत्या वादकाकडून मिळाली याची नोंद आहे. एकच गत दोन्ही ग्रंथांत सांपडली, तर तीं पानें शेजारीं ठेवून दोन्ही वाजवून पाहावीं.