उसना आवाज, स्वतःचे नाव : ‘कॉर्नरशॉप’च्या उदयाचा अर्थ

लोकप्रिय संगीताच्या चर्चेत एखाद्या बँडचा ‘उदय’ झाला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा परिघावरील कलावंताला केंद्राने मान्यता दिली असा अर्थ बहुधा गृहीत धरलेला असतो. ही मान्यता नेमकी कशाला मिळाली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ब्रिटनमधील ‘कॉर्नरशॉप’ या इंडी बँडच्या संदर्भात तो टाळता येत नाही. या बँडचे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गीत ऑगस्ट १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ब्रिटिश विक्रीक्रमात साठाव्या स्थानापर्यंत पोचून थांबले. फेब्रुवारी १९९८ मध्ये तेच गीत पहिल्या स्थानावर होते. मधल्या काळात गीताचा विषय बदलला नव्हता. नॉर्मन कुक या संगीतकाराने त्याचा रिमिक्स केला होता. तेव्हा हा उदय कोणाचा, गीताचा की त्याच्या रूपांतराचा?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ‘इंडी’ या संज्ञेचा अर्थविस्तार, किंबहुना अर्थसंकोच, ध्यानात घेणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये १९८० साली स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांचा वेगळा विक्रीक्रम सुरू झाला, तेव्हा ‘इंडी’ असण्याचा निकष संगीताच्या शैलीत नव्हता. तो वितरणव्यवस्थेत होता. बड्या कंपन्यांच्या वितरणयंत्रणेबाहेरून जी तबकडी ग्राहकापर्यंत पोचेल ती स्वतंत्र. पुढे मात्र ही उत्पादनसंबंधांची संज्ञा शैलीची खूण बनली. गिटारप्रधान, काहीशी उदास, गोऱ्या तरुणांची अभिव्यक्ती म्हणजे ‘इंडी’ असा संकेत रूढ झाला. संज्ञेतील अर्थशास्त्र गळाले आणि वेषभूषा उरली.

१९९१ साली लेस्टर येथे स्थापन झालेल्या ‘कॉर्नरशॉप’ने हा संकेत त्याच्याच भूमीवर उभे राहून तपासला. तजिंदर सिंग आणि बेन एअर्स यांच्या या बँडने धारण केलेले नावच एक भाष्य आहे. ब्रिटिश जनमानसात दक्षिण आशियाई माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, हे ठरीव चित्र दीर्घकाळ प्रचलित होते. रोज दिसणारा, रोज व्यवहारात येणारा, परंतु ज्याच्या बोलण्याला सुट्या पैशांच्या हिशेबापलीकडे अर्थ नाही असा हा माणूस. हेटाळणीची खूण आपणच उचलून तिला ध्वज करण्याची ही रीत मराठी वाचकाला अपरिचित नाही.

१९९२ साली या बँडने लंडनमध्ये ‘ईएमआय’ कंपनीच्या कार्यालयासमोर मॉरिसी या गायकाचे छायाचित्र जाळले. ‘बेंगॉली इन प्लॅटफॉर्म्स’ (१९८८) या गीतातील स्थलांतरिताचे चित्रण आणि १९९२ च्या ऑगस्टमध्ये फिन्सबरी पार्कच्या मंचावर त्याने मिरवलेला युनियन जॅक, ही त्या निषेधाची पार्श्वभूमी होती. या कृतीत आणखी एक अर्थ दडलेला आहे. मॉरिसीचा आधीचा बँड ‘द स्मिथ्स’ हा ‘रफ ट्रेड’ या स्वतंत्र संस्थेतून पुढे आलेला. आणि ‘कॉर्नरशॉप’चे ध्वनिमुद्रण करणारी ‘वीजा’ ही छोटी संस्थाही ‘रफ ट्रेड’च्याच लंडनमधील दुकानातून जन्मलेली. म्हणजे जाळले गेले ते परक्या परंपरेचे दैवत नव्हे. ते स्वपरंपरेचे होते. स्वातंत्र्याची भाषा बोलणारी परंपरा कोणाला आपली समजते, असा तो जाहीर प्रश्न होता.

‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गीत या प्रश्नाचे उत्तर निषेधाच्या भाषेत देत नाही. ते स्मरणाच्या भाषेत देते. गीताच्या केंद्रस्थानी आशा भोसले आहेत. त्यांच्यासोबत लता मंगेशकर आणि महंमद रफी येतात, आकाशवाणी येते, फ्रेंच गायक झाक द्युत्रों, इंग्रज मार्क बोलन, जमैकन संगीत ब्रिटनमध्ये पोचवणारी ‘ट्रोजन’ ही संस्था आणि जुना ब्रिटिश ‘फर्ग्युसन’ रेकॉर्ड प्लेअरही येतो. स्थलांतरिताच्या घरात जे जे ऐकले गेले ते येथे एका रांगेत बसते. या यादीत केंद्र आणि परीघ असा उतरंडीचा क्रम नाही. शीर्षकातील श्लेषही लक्षणीय आहे. इंग्रज श्रोत्याला ‘आशा’ हे केवळ एक गोड विशेषनाम. भारतीय भाषा जाणणाऱ्याला ते काठोकाठ भरलेल्या आशेचेही नाव. एकाच शब्दात दोन श्रोतृवर्ग वेगळे होतात आणि एकत्रही नांदतात.

हे स्मरण पार्श्वगायिकेचे असावे, हा योगायोग मानता येत नाही. पार्श्वगायिका ऐकू येते पण दिसत नाही. गल्ल्यामागचा दुकानदार दिसतो पण ऐकू येत नाही. गीताने या दोन अर्ध्या उपस्थिती परस्परांसमोर ठेवल्या आहेत. वंचिताला बोलता येते काय, हा गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ मध्ये प्रकाशित झालेल्या निबंधातून उपस्थित केलेला प्रश्न ऐकणाऱ्यांविषयीचाही आहे. ‘कॉर्नरशॉप’चे गीत नेमके ऐकण्याविषयीचे गीत आहे.

रिमिक्सने या रचनेवर विलक्षण विडंबन घडवले. कुकने लय वाढवली, सिंगच्या आवाजाची पट्टी चढवली आणि मूळ गीतातील संथ, घरगुती झुलणे नृत्यगृहाच्या गतीला जुंपले. आवाज एकाचा आणि देह दुसऱ्याचा, हा पार्श्वगायनाचा न्याय पार्श्वगायनाचे स्तोत्र रचणाऱ्यालाच लागू झाला. नाचणाऱ्या अनोळखी जमावासाठी सिंग स्वतःच पार्श्वगायक ठरला.

तथापि, याला सरळ अपहरण म्हणणे हा अस्सलतेचा भाबडा आग्रह ठरेल. गीताचे प्रेम मुळातच पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकडीवर, म्हणजे पुनरुत्पादित आवाजावर आहे. हिंदी चित्रपटगीतही संगीतकार, गीतकार, गायिका आणि अभिनेत्री यांच्या श्रमविभागणीतूनच घडते; हेलनचा देह आणि आशाबाईंचा आवाज यांत ‘मूळ’ कोणते, असे विचारण्यात अर्थ नाही. १९६५ साली ‘बीटल्स’ने ‘नॉर्वेजियन वुड’ या गीतात सतार उसनी घेतली. ‘कॉर्नरशॉप’च्या १९९७ च्या संग्रहाचा शेवट त्याच गीताच्या पंजाबी रूपाने होतो. उसनवारी येथे दोन्ही दिशांनी चालते. म्हणून खरा प्रश्न मूळ आणि नक्कल यांचा नाही. उसन्या आवाजाला नाव उरते की नाही, हा आहे.

या प्रश्नाला चित्रपटसंगीतात इतिहास आहे. ‘महल’ (१९४९) या चित्रपटातील लताबाईंच्या गाजलेल्या गीताच्या तबकडीवर सुरुवातीला गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापलेले होते. पार्श्वगायिकेला आवाजाची कीर्ती आधी मिळाली. नाव नंतर मिळवावे लागले. आशाबाईंची वाटचाल १९४३ च्या ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटापासून सुरू झाली, ती याच व्यवस्थेत. शिवाय त्या काळी भारतात चित्रपटगीतांच्या तबकड्या प्रामुख्याने विकणारी ‘एचएमव्ही’ ही ‘ईएमआय’चीच भारतीय शाखा होती. ज्या कंपनीच्या दारात १९९२ साली छायाचित्र जळले, तिच्याच तबकड्यांतून आशाबाईंचा आवाज घरोघर गेला होता, ही गोष्ट निषेध आणि स्मरण यांना एका सूत्रात आणते. भांडवलाच्या वाटेनेच स्मृतीही प्रवास करते; तिचे मोल मात्र भांडवल ठरवत नाही.

या दृष्टीने पाहता रिमिक्सच्या विजयात एक गोष्ट अबाधित राहिली. गती बदलली, आवाज बदलला. नाव बदलता आले नाही. आशय न उमगलेल्या श्रोत्यांनीही एका मराठी गायिकेचे नाव उच्चारले. नामोच्चार म्हणजे ओळख नव्हे, हे खरे. परंतु नाव कानी पडल्याखेरीज ओळखीला आरंभही होत नाही.

‘कॉर्नरशॉप’ची पुढील वाटचाल हेच सूचित करते. २०११ साली बँडने ‘ॲम्पल प्ले’ या स्वतःच्या संस्थेतर्फे बबली कौर या गायिकेच्या आवाजातील संपूर्ण पंजाबी गीतसंग्रह प्रसिद्ध केला. ‘इंडी’ या संज्ञेतून गळालेले अर्थशास्त्र येथे परत आले, आणि आवाज पुन्हा दुसऱ्याचा होता. या वेळी मात्र तो कोणाला द्यावा, हे दुकानाच्या मालकाने ठरवले होते. या बँडचा उदय विक्रीक्रमातील पहिल्या स्थानाने मोजायचा की या निर्णयाने, याचे उत्तर ‘उदय’ या शब्दाच्या आपल्या व्याख्येवर अवलंबून राहील.