हवेतलं वाद्य, हवेतले सूर

र्‍यूइची साकामोतो हे जपानी संगीतकार मार्च २०२३ मध्ये गेले आणि त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या ‘द शेड’मध्ये पियानोपाशी बसले. ‘कागामी’ या प्रयोगात श्रोते पारदर्शक चष्मे चढवून त्यांच्या त्रिमितीय प्रतिमेभोवती फिरतात, वाकून बोटं न्याहाळतात. अशा प्रयोगांना संगीताचं भवितव्य म्हणायची हल्ली रीत पडली आहे. मला त्यात चित्रीकरणाची प्रगती दिसते. श्रोता रडो की जांभई देवो, तिथला एक सूर जागचा हलत नाही. लंडनचा ‘अ‍ॅबा व्हॉयेज’ हा गायकांच्या डिजिटल प्रतिमांचा कार्यक्रम म्हणजे झकास सिनेमा. त्यातला जीव साथीच्या हाडामांसाच्या वादकांत. ‘फोर्टनाइट’ या व्हिडिओ गेममध्ये २०२० साली रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटपुढे एकाच वेळी जवळपास सव्वा कोटी माणसं जमली; पण तशी जत्राही जमते.

आभासी वास्तवाच्या या माध्यमात संगीत म्हणून काय करता येईल, हे त्या तंत्राचा एक प्रवर्तक जॅरन लॅनियरनं १९९२ मध्येच दाखवलं होतं. शिकागोत भरलेल्या सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत त्यानं ‘द साउंड ऑफ वन हँड’ सादर केलं. डोळ्यांवर हेडसेट, एका हातात हालचाली टिपणारा डेटाग्लोव्ह हा मोजा, आणि तो काय पाहतो आहे ते मागच्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. त्यातलं ‘रिदम गिम्बल’ हे एकात एक फिरणाऱ्या कड्यांचं वाद्य. कडी एकमेकांना घासली की आवाज येई. सोडून दिलं तरी ते बराच वेळ घुमत राही. म्हणजे वाद्याला स्वतःची चाल होती आणि वादकाला ती सांभाळावी लागत होती. ही ओढाताण ऐकू येते तेव्हाच वादन सुरू होतं.

अशी वाद्यं आज का दिसत नाहीत, यावर तंत्रज्ञांची सबब ठरलेली: हवेत स्पर्श नाही, हात हलल्यापासून आवाज येईपर्यंतचा विलंब १० मिलिसेकंदांच्या आत आणणं अवघड. विलंबाचं म्हणणं खरं आहे, पण स्पर्शाची सबब शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघाली. लेव्ह तेरेमिननं घडवलेल्या ‘थेरेमिन’ या वाद्यालाही हात लागत नाही. एक हात स्वर ठरवतो, दुसरा आवाजाची पातळी. थेरेमिनवादक क्लारा रॉकमोरनं त्यासाठी हवेतल्या बोटांची पद्धत घडवली, कारण बोट जरा सरकलं की सूर ढळायचा. त्या ढळण्याच्या धाकातूनच तिचं गाणारं वादन आलं.

आजची बहुतेक आभासी वाद्यं नेमका हा धाक काढून टाकतात. सप्तकाला कुलूप, तालाला कुबडी. हात कसाही फिरवा, नेमलेले सूर लागणारच. याला ‘सर्वांसाठी संगीत’ म्हणतात. ही सर्वांची फसवणूक आहे. ज्या वाद्यावर बेसूर होता येत नाही, त्यावर सुरेल होण्यात कर्तब कुणाचं? बनवणाऱ्याचं. वाजवणारा त्याचं गिऱ्हाईक. रियाजाला जागा नाही, तिथं घराणं कसलं आणि शैली कसली?

म्हणून पुढच्या आभासी मैफलीचं आमंत्रण आलं, तर पिक्सेल किती आहेत हे विचारू नका. वादकाला आज चुकता येईल का, एवढंच विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर तिकिटाचे पैसे सिनेमाला द्या. तो निदान स्वतःला सिनेमा म्हणवतो.