नियमांचे स्वामित्व आणि कामातील समाधान

नोकरशाहीत नियम वाढले की कर्मचाऱ्यांचे समाधान घटते, असा सर्वसाधारण समज आहे. ॲल्विन गूल्डनर यांचा ‘पॅटर्न्स ऑफ इंडस्ट्रियल ब्युरॉक्रसी’ (1954) हा ग्रंथ या समजाला छेद देतो. नियम कोणी केला व तो कोणाच्या हिताचा, हा मॅक्स वेबरच्या विवेचनात गौण राहिलेला प्रश्न येथे केंद्रस्थानी आला आहे.

अमेरिकेतील एक जिप्समची खाण व तिला जोडलेला कारखाना हे या अभ्यासाचे क्षेत्र होय. तेथील धूम्रपानबंदी विमा कंपनीने लादलेली. ती एरवी कोणीच पाळीत नसे, तपासनीस आला म्हणजे तेवढ्यापुरती ती जागी होई. सुरक्षिततेचे नियम तपशीलवार होते. तथापि ते उभयपक्षी आपले वाटत, म्हणून त्यांवरून फारसा संघर्ष झाला नाही. गैरहजेरीचा नियम मात्र व्यवस्थापनाने शिक्षेच्या बळावर चालविलेला. असंतोषाचे मूळ अशा नियमांत होते. म्हणजे समाधान नियमांच्या संख्येवर नव्हे, तर त्यांच्या स्वामित्वावर अवलंबून असते.

ग्रंथातील सर्वांत मार्मिक निरीक्षण वेगळेच आहे. नियम स्वीकारार्ह कामाची किमान मर्यादा सांगतो. म्हणून नाखूष कामगार तेवढेच काम करून थांबतो. ती उदासीनता पाहून अधिकारी देखरेख कडक करतात आणि तिच्यामुळे ताण पुन्हा वाढतो. रोग व औषध एकमेकांना पोसतात, ते असे.

तथापि एका ठिकाणी हे विवेचन अपुरे वाटते. जुन्या व्यवस्थापकाच्या काळातील सैलपणा, घरगुती उपयोगासाठी माल नेण्याची मुभा, यांत कामगारांचे समाधान होते, हे ग्रंथकार दाखवितात. परंतु ते समाधान मेहेरबानीवर उभे होते, हक्कावर नव्हे. नवा व्यवस्थापक येताच ते ढासळले. अशा सवलतींची मागणी उघडपणे करता येत नाही, म्हणून तक्रार वेतनाच्या भाषेत प्रकट झाली, हे गूल्डनर यांनीच ‘वाइल्डकॅट स्ट्राइक’ या जोडग्रंथात नोंदविले आहे. त्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र पहिल्या ग्रंथात ठामपणे येत नाही: नियमांचा अभाव हा स्वातंत्र्याचा पर्याय नव्हे.

पुढे 1996 मध्ये ॲडलर व बोरिस यांनी साहाय्यकारी व सक्तीची नियमबद्धता असा भेद केला, त्याची बीजे येथे आहेत. नियमांची केवळ मोजदाद करून समाधान मापू पाहणाऱ्या संशोधकाने हा ग्रंथ आधी वाचावा.